श्रद्धांजलीचं प्रात्यक्षिक

आणे पठार, ता. जुन्नर
१२ डिसेंबर २०२४

चंपाशेठ यास हौशीरामचा रामराम.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. निदान हे लिहीपर्यंत तरी नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू "हां, हां" करून भलत्याच गोष्टीला रुकार देतोस. मागे मी गुडघ्याचं सांगत होतो आणि तू दोन डझन टॉवेल पाठवून दिलेस. ते अजून पडून आहेत. म्हणून लिहितो, सातवी पास माणसाला जमेल तेवढं.

गोष्ट अशी, की आमच्या पठारावरच्या कॉलेजानं माझी श्रद्धांजली काढली आहे.

तुला माहीतच आहे, कॉलेज निघाल्यापासून इथं त्यांना विचारल्याशिवाय कुणी काही करत नाही. कांद्याची रोपं पिवळी पडली, चला कॉलेजात. मोटर जळली, तिथली पोरं येऊन बांधून देतात. आमच्या साळुबाईचं बीपीसुद्धा तिथंच तपासतात. तीन-तीन महिन्यांचे कोर्स असतात, आणि भागाला जे लागतं तेच शिकवायचं असा त्यांचा नियम आहे. यंदा त्यांनी गावोगाव हिंडून पाहणी केली, की भागाला लागतं काय. पाहणीत निघालं, की जुन्नर-आंबेगावात पाऊस चुकतो, एसटी चुकते, पण दशक्रिया चुकत नाही. रोज सकाळी कुठं ना कुठं दहावा असतोच. माईक असतो, पुढारी असतात, श्रद्धांजलीची भाषणं दीड-दीड तास चालतात, आणि धड बोलता एकालाही येत नाही. म्हणून 'श्रद्धांजली भाषण व सूत्रसंचालन' असा कोर्स काढला. चोवीस पोरं-पोरी बसल्या. तुमच्या जैनांत दहावा नसतो, पण टॉवेल-टोप्या विकता विकता तू आमच्यापेक्षा जास्त दहावे पाहिलेस, तुला काय सांगायचं.

आता प्रात्यक्षिक आलं. मेलेल्या माणसावर सराव करता येत नाही, घरचे अंगावर येतात. म्हणून शिकवणाऱ्या भिमाजी सरांनी पंचाहत्तरीपुढच्या जिवंत माणसांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी श्रेयाला निघाली. श्रेया म्हणजे पलीकडच्या वस्तीवरच्या ठकूबाईची नात, लई चुणचुणीत. नियम असे: भाषण पाच मिनिटांचं, त्यात माणसानं समाजासाठी केलेली किमान तीन कार्यं, आणि सगळं खरं. खोटं निघालं तर नापास.

परवा ती वही घेऊन आली. म्हणाली, "बाबा, तुमी समाजासाठी काय काय केलं ते सांगा."

"सांगतो की," म्हटलं.

साळुबाई आतून ओरडली, "मुक्कामाला ऱ्हा गं पोरी, लई मोठी यादी हाय!"

मी बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याची खडी फोडल्याचं सांगितलं. श्रेया म्हणाली, "ती तर सगळ्यांनीच फोडली, बाबा. मजुरी मिळत व्हती." तरी तिनं लिहून घेतलं. मग दूध सोसायटीचा मी अकरा महिने उपाध्यक्ष होतो ते सांगितलं.

"उपाध्यक्ष म्हणून काय केलं?"

"अध्यक्ष नसला की सही करायचो."

"अध्यक्ष किती वेळा नव्हते?"

"ते कायम असायचे."

तेही तिनं लिहिलं. झाली दोन. तिसरं निघेना. चहा झाला, दुसरा चहा झाला, ती वहीवर पेन टेकवून बसून राहिली. शेवटी साळुबाईलाच दया आली, म्हणाली, "ल्ही गं, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई." श्रेया म्हणाली, "आजी, ते कार्यात बसत न्हाई."

शेठ, त्या दिवसापासून माझं जेवण तुटलं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगलो आणि पाच मिनिटं भरत नाहीत. वीस फेब्रुवारीला माझं प्रात्यक्षिक आहे, चार गावांना निमंत्रण आहे. सगळ्यांसमोर ती पोरगी दोन मिनिटांत बसली तर मी तोंड कुठं लपवू? ती नापास होईल ते वेगळंच. मी कधी काही चांगलं केलेलं तुला आठवतं का? नीट आठव. घाई नाही, पण लवकर कळव.

तुझा,
हौशीराम


मंचर
२० डिसेंबर २०२४

हौशीराम, जय जिनेंद्र.

पत्र पोहोचलं. नातवानं, संयमनं, ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यामुळं आता गिऱ्हाइकांनाही तुझी काळजी लागली आहे. एक बाई तुझ्यासाठी टोपी घेऊन जात होती, तिला थांबवलं.

तू उगाच जीव खातोस. माझं आयुष्य दहाव्याची भाषणं ऐकण्यात गेलं. मेल्यावर माणूस मनमिळाऊ असतो, कष्टाळू असतो आणि परखड असतो. ज्यानं भावाचं डोकं फोडलं तो परखड, आणि ज्याला कुणी घरात घेत नव्हतं तो मनमिळाऊ. तुझं नुसतं तेवढं म्हटलं तरी चार मिनिटं जातील.

पण नियमच तीन कार्यांचा असेल, तर तू अजून जिवंत आहेस हा मोठा फायदा आहे. दोन महिने आहेत. एखादं कार्य करून टाक. आमची प्यारीबाई म्हणते, झाड लाव.

मला तुझं काय आठवतं, हे विचारू नकोस. या प्रकरणात मला फार बोलता येत नाही. का, तेही विचारू नकोस. संयम कानाचं नवीन मशीन आणणार आहे, ते बसलं की भेटू.

चंपालाल


आणे पठार
९ जानेवारी २०२५

चंपाशेठ यास,

तुझा सल्ला मानला आणि पस्तावलो.

प्यारीवहिनींना सांग, झाड लावलं होतं. चिंचेचं. सकाळी लावलं, फोटो काढायला श्रेया भिमाजी सरांना घेऊन दुपारी आली, तोवर शेळीनं खाल्लं होतं. पोरगी म्हणाली, "शेळीला चारा दिला, असं म्हणता येईल का सर?" भिमाजी सर नाही म्हणाले. शेळी आमचीच आहे.

मग रक्तदान करायला गेलो. त्यांनी वय विचारलं, बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि घरी पाठवलं.

मग वाटलं, एखादा तंटा मिटवावा. आमच्या शेजारचे दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, बांधावरून. मी दोघांना चहाला बोलावलं आणि बांध कुणाचा ते जे मला वाटत होतं ते स्पष्ट सांगितलं. थोरला म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." धाकटा म्हणाला, "दादा, बरुबर बोलला तू." नऊ वर्षांत पहिल्यांदा धाकट्यानं त्याला दादा म्हटलं. दोघं गळ्यात गळे घालून गेले आणि मी त्यांच्या घरात भांडणं लावतो असा दोघांनी मिळून पोलीस पाटलाकडे अर्ज दिला. श्रेया खूश झाली, "बाबा, तंटा मिटला, म्हणजे कार्य झालं!" भिमाजी सर म्हणाले, अर्जाचा निकाल लागेपर्यंत धरता येणार नाही. लई नियमाचा माणूस.

शेवटी, शेठ, मी एक गोष्ट केली. ती तुला आधी सांगतो, कारण त्यात तू आहेस.

मी तिला शाळेच्या विहिरीचं सांगितलं. म्हटलं, आम्ही सातवीत असताना, एकोणसाठ साली, वर्गातलं एक मारवाड्याचं पोर विहिरीत पडलं आणि मी उडी टाकून त्याला बाहेर काढलं. तुझं नाव सांगितलं नाही. श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. भिमाजी सरांनीही वहीवर बरोबरची खूण केली. भाषण आता सव्वापाच मिनिटांचं होतंय, थोडं छाटावं लागणार आहे. महिन्याभरात पहिल्यांदा मी पोटभर भाकरी खाल्ली.

कुणी विचारायला आलं, तर विहिरीत तू पडला होतास एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
हौशीराम


मंचर
१७ जानेवारी २०२५

हौशीराम,

हे पत्र मी संयमला वाचू दिलेलं नाही.

विहिरीत तू पडला होतास. उडी मी टाकली होती. तुला तेव्हा पोहता येत नव्हतं आणि आजही येत नाही. ओतूरला लग्नाला गेलो तेव्हा तू नदीत पाय धुवायलासुद्धा माझा खांदा धरला होतास. अशा माणसानं उडी टाकून मला काढलं? काय बोलतोस?

ती गोष्ट काढून टाक. पोरीला सांग, आठवणीत चूक झाली. तुझ्या-माझ्या वयाला ते शोभतं. दुसरं काही सापडेल.

आणि यापुढं त्या परीक्षेबद्दल मला एक अक्षर कळवू नकोस. हे पत्र वाचून फाड. कारण सांगता येत नाही, मी सही दिली आहे. त्या विहिरीचा विषय मला नकोच आहे. फार वर्षं झाली.

चंपालाल


आणे पठार
२५ जानेवारी २०२५

चंपाशेठ,

पत्र फाडलं. फाडल्यावर परत जुळवून वाचलं, कारण 'सही दिली आहे' हे नीट वाचायचं राहिलं होतं.

आता मला सगळं समजलं. सही माणूस एकाच ठिकाणी देतो, ऑपरेशनच्या आधी. काही बरंवाईट झालं तर डॉक्टर जबाबदार नाही म्हणून. शेठ, कशाचं ऑपरेशन? हृदयाचं की प्रोस्टेटचं? कानाचं मशीन हे नुसतं निमित्त, हो ना? तू माझ्यापासून लपवतोस आणि मी इथं चिंचेचं झाड लावत बसलो. साळुबाई म्हणते, "दुकानात बसून टोप्या मोजतोय म्हातारा, त्याला काय धाड भरलीया?" पण तिला माणसाची पारख नाही.

विहिरीचं म्हणशील, तर आता मागं घेता येत नाही. मी श्रेयाला सांगायला गेलो होतो. पण तिनं भाषण पाठ केलंय. गोठ्यात म्हशींसमोर उभी राहून म्हणत होती, म्हशीसुद्धा रवंथ थांबवून ऐकत होत्या. हे सर्टिफिकेट मिळालं की बेल्ह्यापासून आळेफाट्यापर्यंतचे कार्यक्रम तिला मिळतील. घरात ती आणि ठकूबाई दोघीच. मी नुसता दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आवाज चांगला लागलाय." आणि परत आलो.

कोण विचारणार आहे? त्या दिवशी विहिरीवर आपण दोघंच तर होतो.

तब्येतीला जप. वीस तारखेला येण्यासारखा असलास तर ये. नसलास तर नको येऊस, पण मग ऑपरेशन कशाचं ते कळव.

तुझा,
हौशीराम


आणे पठार
२१ फेब्रुवारी २०२५

चंपाशेठ,

काल तू एक शब्द न बोलता गाडीत बसून निघून गेलास, म्हणून लिहितो. तुझ्या कानात नवीन मशीन होतं हे मी पाहिलं. म्हणजे तुला सगळं ऐकू आलं.

तू अकरा वाजता आलास. त्याच्या आधी काय काय झालं हे तुला माहीत नाही.

सकाळी नऊपासून कॉलेजच्या पटांगणात मांडव होता. एका बाजूला माझा हार घातलेला फोटो आणि समोर पहिल्या खुर्चीत मी. भिमाजी सर म्हणाले, "बाबा, तपशील पडताळायला तुम्ही हवेत म्हणून बसवलंय. पण बोलायचं नाही. कैलासवासी माणूस बोलत नसतो." मी मान हलवली. तर म्हणाले, मानही हलवू नका. साळुबाई त्यांना विचारत होती, "मी रडू का नगं, ते आदी सांगा. मंग ऐन वेळी जमायचं न्हाई."

वातावरण यावं म्हणून शिपायानं भाताची पत्रावळ ठेवली होती. खरं सांगतो, पत्रावळ ठेवून त्यानं हात झटकायच्या आत कावळा आला आणि घास घेऊन गेला. लोक म्हणाले, "वा! म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली न्हाई." शेठ, मला केवढा राग आला! माझी केवढी इच्छा राहिली होती. तिसरं कार्य अजून बोललं जायचं होतं, आणि तो मेला आलाच कसा?

मग रस्त्यानं एक पुढारी चालले होते. रोज सकाळी सात-आठ दहावे करतात ते. मांडव पाहून गाडी वळली, उतरले, फोटोला फुलं वाहिली, माईक घेतला. "हौशीरामभाऊंच्या जाण्यानं पठाराची कधीही भरून न येणारी हानी झाली," म्हणाले. भिमाजी सर मागून "साहेब, प्रात्यक्षिक, प्रात्यक्षिक" करत होते. साहेबांना वाटलं ते कुणाचं तरी नाव आहे. म्हणाले, "प्रात्यक्षिक कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." खाली उतरताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत बघून म्हणाले, "पावणं, धीर धरा. त्यांना आता त्रास न्हाई." मला बोलायची मनाई होती. मी धीर धरला.

आणि अकरा वाजता बाहेरगावचे परीक्षक आले म्हणून सगळे उभे राहिले, तर गाडीतून तू उतरलास.

मग ती सही मला कळली. ऑपरेशनची नव्हती, परीक्षकाची होती, परीक्षेबद्दल कुठं बोलणार नाही म्हणून दिलेली.

श्रेया काय बोलली, राव! खडी फोडली तर हातोड्याचा आवाज आला. उपाध्यक्षपदाच्या अकरा महिन्यांत तर मला वाटलं दूध खरंच मी वाढवलं. मग विहीर आली. मी उडी घेतली, पोर काढलं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इथवर ठीक होतं. पण भिमाजी सरांनी तिला शिकवलंय, शेवटाला थोडी सल हवी. म्हणून ती म्हणाली, "तो मुलगा पुढं मोठा व्यापारी झाला असंल, बंगल्यात ऱ्हात असंल. पण ज्यानं जीव वाचवला, त्याची आठवण त्यानं ठेवली का? न्हाई ठेवली!"

तू गुणांच्या कागदावर मान खाली घालून बसला होतास. मला फक्त तुझी टोपी दिसत होती.

मग मला राहवलं नाही. मी उठलो आणि ओरडलो, "खोटं हाय! त्यानंच मला काढलं! पडलो मी व्हतो. माझा पाय घसरला व्हता!"

मागं एक म्हातारी "आगं बया!" करून उठून पळाली. भिमाजी सर म्हणाले, "बाबा, तुम्ही कैलासवासी आहात!" पण ती पोरगी बघितलीस? तिनं माईक जवळ घेतला. म्हणाली, "बाबा, बसा. तुमी गेलाय." मी बसलो. आणि लोकांकडं वळून म्हणाली, "मंडळी, असा व्हता आपला हौशीरामबाबा. दुसऱ्याचं पुण्य त्याच्या नावावर चढवलं, तर मेल्यावरबी उठून बसला." टाळ्या पडल्या, शेठ. श्रद्धांजलीला टाळ्या! घड्याळात पाच मिनिटं पुरी झाली आणि घंटा वाजली.

लोक तुझ्याभोवती गोळा झाले, मीच दाखवलं म्हणून. तुला हार घातला, तोच, फोटोवरचा. आणि तू तो काढून खुर्चीवर ठेवलास आणि गेलास. रागावला असशील तर माझ्यावर रागाव. पोरीला नापास करू नकोस.

हौशीराम


मंचर
२८ फेब्रुवारी २०२५

हौशीराम,

श्रेया पास आहे. पन्नासपैकी एकतीस. निकाल कॉलेजाला गेला, म्हणून आता लिहायला मोकळा आहे. भिमाजी सरांचं म्हणणं, खोटं सांगितलं, म्हणून नापास. मी म्हटलं, खोटं पाच मिनिटांच्या आत दुरुस्त झालं, तेही संबंधिताकडून. त्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. मृतानं केलेल्या दुरुस्तीबद्दल त्यात काहीच नाही. कार्यं अडीच धरली. चार गुण मृत बोलला म्हणून कापले.

मी तुझ्यावर रागावलो नाही. मी पळालो.

तू म्हणालास, त्यानंच मला काढलं. तोवर मी गुण लिहीत होतो. मग म्हणालास, पाय घसरला होता. तेव्हा माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

तुझा पाय घसरला नव्हता. इन्स्पेक्टर येणार होते आणि त्यांच्यापुढं कविता म्हणायला गुरुजींनी तुला निवडलं होतं. मला वाटत होतं मला निवडतील, मी घरी सांगूनही ठेवलं होतं. तू काठावर वाकून पाण्यात आवाज घुमतो का बघत कविता म्हणत होतास. मी मागून ढकललं. तू वर आला नाहीस तेव्हा घाबरून उडी टाकली. तू पंधरा दिवस तापानं पडून होतास, आणि कविता मी म्हटली. इन्स्पेक्टरांनी पाठ थोपटली, वडिलांनी पेढे वाटले.

सहासष्ट वर्षं हे कुणाला बोललो नाही, प्यारीबाईलाही नाही. दर संवत्सरीला सगळ्या जगाची क्षमा मागतो, तुलाही कार्ड पाठवतो, पण कशाची ते लिहीत नाही. परवा चार गावांसमोर तू मला हार घालायला लावलास. तेव्हापासून मशीन काढून ठेवलं आहे. ऐकायला नको वाटतं.

आता तू काय म्हणशील ते म्हण. हवं तर मी तिथं येऊन माईकवर सांगतो.

चंपालाल


आणे पठार
६ मार्च २०२५

चंपाशेठ,

आधी मशीन कानात घाल. महागाचं असतं, पडून बिघडतं.

मला ठाऊक होतं. पाठीवर हात कळतो की रे, त्यात दोन्ही तळवे. घसरताना कुणी असं पुढं जात नाही. पण पुढच्याच क्षणी तू पाण्यात होतास आणि माझी शेंडी ओढत होतास, तेव्हा विचारायला सवड नव्हती. नंतर ताप आला. ताप उतरला तोवर तू रोज दुपारी माझ्या घरी येऊन उशाशी बसत होतास, खिशातून काजू आणत होतास. मी विचारलं असतं तर तू यायचा थांबला असतास. मग राहूनच गेलं.

श्रेया हुशार आहे. माणूस विहिरीतून निघाला म्हटलं, की तो पडला कसा हे ती विचारणारच. मी पडलो असं सांगितलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी तुला आत टाकलं. तू कसा पडलास ते मला माहीत नाही असं म्हणायला मोकळा झालो. आता कळतं, सगळंच गाळलं असतं तर बरं झालं असतं. पण तिसरं कार्य काही केल्या निघत नव्हतं रे.

माईकवर येऊन सांगणार म्हणतोस, तर हात जोडतो, ते करू नकोस. श्रेयाचं सर्टिफिकेट छापायला गेलं आहे, आणि सोमवारी राजुरीला तिचा पहिला खरा कार्यक्रम आहे. मी चार गावांसमोर पाय घसरला म्हणालोय. ते खोटं होतं असं भिमाजी सरांना कळलं, तर तो माणूस नियमाचा पक्का आहे. निकाल रद्द करील, फेरपरीक्षा लावील, मांडव घालील, पत्रावळ ठेवील आणि मला परत पहिल्या खुर्चीत बसवील.

आणि शेठ, माझ्यानं आता परत मरवत नाही.

हौशीराम